जांभळीच्या चौकटीखाली

आमच्या शंकरभावजींना कुणाचं काही लागत नाही, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. कारण सांगणारे भावजी स्वतःच. रस्त्याने जाणाऱ्याला थांबवून सांगायचे, "बाजारातसून मीठ, चाय नि काडेपेटी. चवथी वस्तू आणलंय तर नाव बदलीन."

आणि मेलं खोटं नव्हतं ते! भात स्वतःच्या कुणग्यातलं, तेल स्वतःच्या नारळांचं, सोलं स्वतःच्या रातांब्याची, केरसुणी स्वतःच्या माडाच्या हिरांची. काडेपेटीसुद्धा त्यांच्या जिवावर यायची. म्हणून त्यांची बायको, आमची हौसावयनी, रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवायची आणि सकाळी फुंकर घालून जागा करायची. मी विनीता, भावजींच्या चुलतभावाची बायको. दोन्ही परसांच्या मधे दगडावर दगड रचलेला कंबरेएवढा गडगा, एवढंच अंतर. ह्यांची मुंबईची नोकरी संपली तेव्हा आम्ही गावात राहायला आलो. आल्या दिवशी मी काडेपेटी मागायला गेले, तर भावजी म्हणाले, "काडी कित्याक? निखारो व्हर." करवंटीत निखारा घेऊन घरी आले मी. आमचे हे हसून हसून लोळायचेच बाकी राहिले.

द्यायला त्यांचा हात मोकळा होता. तांबडी भाजी, वाल, चिबूड गडग्यावर आणून ठेवायचे. पण मी पुरणपोळ्या पाठवल्या तर ताट परत येताना त्यात दोन नारळ हटकून. एकदा मी चिडून म्हटलं, "भावजीनु, माणसान कोणाचा तरी घेवचा. नायतर मेल्यावर खांदो देवक तरी कोण येतलो?"

"ता मेल्यावरचा," भावजी म्हणाले. "मेल्यावर लाज नसता."

या सगळ्याचं मूळ त्यांची बाव, म्हणजे विहीर. पहाटे त्यांची पाणी काढायची लाट कुरकुरायला लागली की मी उठायचे, घड्याळाची गरज नसायची. दोन खांबांवर तोललेला लांब वासा, मागच्या टोकाला दगड, पुढे दोरीला लाकडी कोळंबा. वासा खाली ओढून कोळंबा बावीत बुडवायचा, की मागचा दगड त्याला वर उचलतो. वीज नाही, डिझेल नाही. साठ वर्षं भावजींनी ती लाट ओढली, आणि त्यांचा उजवा खांदा तिनेच खाल्ला.

बावीच्या तळाशी जांभळीच्या जाड फळ्यांची चौकट होती. जांभूळ पाण्यात कुजत नाही, वर त्याची चव पाण्याला उतरते. ते पाणी प्यायलं की शेवटी जिभेवर जरासं तुरट काहीतरी राहायचं. दर चैत्रात भावजी बावीत उतरून गाळ काढायचे. चौकट दिसली की थांबायचं, तिच्यावर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं आणि वर यायचं. त्यांचा बापूस सांगून गेला होता, "चौकटीच्या वरचा आपला, खालचा दर्याचा." दर्या तिथून फार लांब नाही. भरतीला त्याचा आवाज आमच्या चुलीपर्यंत येतो.

घरोघर नळ आले तेव्हा माणूस पाइप घेऊन त्यांच्याही दारात उभा राहिला.

"फुकट आसा, काका. सही करा फक्त."

"फुकटचा तर मुळीच नको. माजी बाव काय मेली?"

आमच्याकडे नळ आला. पाण्याला औषधाचा वास येतो, पण येतं बाई रोज. भावजींनी त्या पाण्याला तोंड लावलं नाही. आमच्याकडे चहासुद्धा घेत नव्हते तेव्हापासून.

यंदा रस्त्यापलीकडे कुणा बाहेरच्या पार्टीने पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या, पोहायला तलाव केला आणि बोअर मारली. फाल्गुनातच आजूबाजूच्या बावी खाली गेल्या. भावजींचा कोळंबा तळाला खरवडायला लागला. आधी वालाचा मांडव सुकला, मग भेंडी. भावजी सकाळी पाणी काढत, दुपारी बावीच्या काठावर बसून राहत, आणि संध्याकाळी जे काय साचेल ते मिरच्यांना घालत. मुलगा सर्वेश कुडाळला कारखान्यात कामाला, बायको सारिकाही तिथेच. तो रविवारी मोटारसायकलवरून आला. अंगणातल्या खळ्यात बापलेकांचं जुंपलं, मी गडग्याला टेकून ऐकत होते. खोटं कशाला सांगू, ऐकायलाच उभी होते.

"बाबा, नळ घेवया. नायतर दोघांव कुडाळाक चला. सारिकाव तांच म्हणता."

"कुडाळाक तुजी बाव आसा?"

"थंय नळ आसा."

"मगे हंय नळ नको म्हणान पळाचा, नि थंय जावन नळाखाली बसाचा? शाणो मरे तू!"

सर्वेशने कपाळावर हात मारला. निघताना आईला म्हणाला, "आये, तू तरी समजाय."  वयनीने त्याच्या डिकीत सोलांची पिशवी कोंबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी कुदळ, पहार, टोपली आणि नारळ घेऊन बावीत उतरले. मला वाटलं गाळ काढतायत. पण खालून आवाज आला तो लाकडावर पहारीचा. मी गडगा ओलांडून धावले. वयनी काठावर दोरी धरून उभी होती, तोंड उतरलेलं.

"ओ, ऐका माजा," ती खाली वाकून म्हणाली. "मामंजी काय सांगान गेले? चौकटीक हात लावू नकात."

"बापाशीक काय म्हायत ही बोअर येतली ती? चार हात खाली गेलंय तर पाणी गावतला. कोणाच्या दारात जावक नको."

"भावजीनु, ह्या वयात? माणसा लावा दोन," मी ओरडले.

"माझी बाव मी खणतंय. हात कोणी लावूचो नाय!"

मग त्यांचं गाऱ्हाणं ऐकू आलं. एरवी खणखणीत घालायचे. त्या दिवशी आवाज बसलेला. "बा देवा म्हाराजा, आजपर्यंत तुजी शीव मोडूक नाय. आज मोडतंय. लेकराची चूक पोटात घाल, नि दोन कळशे पाणी दी, रे म्हाराजा." काठावरून आम्ही दोघींनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

म्हातारा खाली खणतोय आणि म्हातारी वर टोपल्या ओढतेय. दोरी तिच्या तळहातातून सरकायची, टोपली अर्ध्यावर अडायची. खालून त्यांना वरचं दिसत नव्हतं, म्हणून तिच्यामागे उभं राहून दोरीला मीही हात लावला. वयनीने मान वळवून बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. चार दिवस आम्ही असं ओढत होतो. भावजी वर येऊन म्हणायचे, "बघलंस काय गे, आमच्या म्हातारेच्या अंगात बळ किती!" मी म्हणायचे, "व्हय तर!"

आधी राखी चिकण माती आली, विटेसारखी घट्ट. चौथ्या दिवशी काळी रेती आली, आणि तिच्यात दर्यातल्या तिसऱ्यांची शिंपली. वयनीने एक शिंपलं उचललं, बोटाने पुसलं. आमच्याकडच्या बाईला ते काय ते सांगायला लागत नाही.

"सांग तेंका," मी हळूच म्हटलं.

"काय सांगू गो? म्हयनोभर हसूक नाय तो माणूस." तिने शिंपलं कनवटीला लावलं आणि टोपली परत खाली सोडली.

आणि खालून आरोळी आली, "इला! पाणी इला गो!" भावजी गुडघाभर पाण्यात उभे, तोंडावर दोन्ही हातांनी पाणी मारून घेत होते. वर आले ते डोक्यापासून पायापर्यंत काळे. वयनीच्या हातात ओंजळभर पाणी ओतून म्हणाले, "पी. गोड आसा." गोडच होतं तेव्हा. त्यांनी वाडीभर नारळ वाटले, नळवाल्यालासुद्धा मुद्दाम बोलावून एक दिला. "बघ, मेलेली बाव कशी उठली ती!" मीही मनात म्हटलं, असू दे बाबा, देवाने ऐकलं.

चारपाच दिवस ऐकलं त्याने.

एका पहाटे मागच्या दारी वयनी उभी. काखेत कळशी, तोंडाला पदर.

"विनी, एक कळशी भरून घेवू?"

"ह्या काय विचारणा? पण कित्याक?"

"डाळ शिजणा नाय गो." आणि तिथेच पायरीवर बसून रडायला लागली. "खारा झाला. काल रातीपासून जिभेक लागता. तेंका कळाक नको. आपल्या हातान खणल्यानी, आपल्या हातान घालयल्यानी, असा झाला तर तो माणूस उठाचो नाय."

"वयनी, असा किती दिस लपवतलंस? माठातला पाणी तेच पितले ना?"

"माठात तुजा घालतंय. शिजूकव तुजा. मळ्याक ते काय घालतत ता घालांदेत."

तेव्हापासून हे रोजचं झालं. भावजी पहाटे लाटीवर जायचे. लाट कुरकुरायला लागली की वयनी गडगा ओलांडून यायची. लाट चालू आहे तोवर तिला धीर असे. मी कळशी गडग्यापर्यंत नेऊन द्यायचे, पलीकडे तिची ती घ्यायची. कधी नळाला धार बारीक असली की ती कान तिकडे लावून उभी राही. "चालू आसा ना गो लाट?" "चालू आसा, चालू आसा. रव." मला राग यायचा. नळ दारात घेतला असता तर सत्तरीच्या बाईला चोरासारखं पाणी न्यायला लागलं असतं का? पण तिच्याकडे बघून तोंड उघडत नव्हतं.

मळ्याने मात्र चहाडी केली. मिरच्यांची पानं कडेकडेने भाजल्यासारखी झाली, तांबडी भाजी जागच्या जागी बसली. वाफ्यांवर पांढरं फुटलं, मीठच ते. वयनी म्हणायची, "करपो पडलो यंदा." भावजी म्हणायचे, "व्हय, करपोच." आणि एकदा मळा सगळा गेला, एक पान हिरवं राहिलं नाही, तरी पहाटे लाट कुरकुरतच होती. मी ह्यांना म्हटलं, "भावजींचं डोकं फिरलं की काय? मेलेल्या झाडांना पाणी घालतायत."

वैशाखाच्या सुरुवातीला वयनी पडली. त्या दिवशी कळशी घेऊनच गडग्यावर चढली, वरचा दगड निसटला, आणि ती कळशीसकट पलीकडे गेली. तिने आवाजसुद्धा केला नाही. कळशीच वाजली. त्याच क्षणी लाट थांबली. भावजी धावत आले, त्यांच्या पायांना असं धावताना मी कधी बघितलं नव्हतं. सांडलेलं पाणी मातीत जिरत होतं, त्याच्यात वयनी आडवी. भावजींनी कळशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. "हौसा, हालू नको. हालू नको माजे बाय." एवढंच म्हणत राहिले.

खुब्याचं हाड मोडलेलं. सर्वेशने इस्पितळात नेली, सळई घातली, आणि काही दिवसांनी घरी आणली ती खाटेवर. कुडाळला न्यायचं म्हणाले तर तिने मानच हलवली. सारिका रजा होती तेवढे दिवस राहिली. सासूचं सगळं केलं बिचारीने, उगाच नाव ठेवणार नाही. मग ती गेली आणि घरात दोघंच.

सारिका गेली त्याच्या दुसऱ्या पहाटे माझ्या मागच्या दारी कडी वाजली. उघडलं तर शंकरभावजी. हातात तीच कळशी, एका बाजूने चेपलेली. जन्मात ते माझ्या दारी काही मागायला आले नव्हते. मान खाली.

"एक कळशी पाणी घालशीत?"

मी दार पूर्ण उघडलं. "भावजीनु, येवा, बसा…"

"बसणंय नाय. ती जागी होतली." मग पायरीकडे बघत म्हणाले, "पयल्याच घोटाक कळला माका. आमच्या पाण्याक जांभळीची चव, तुमच्याक औषधाचो वास. कळाचा रवता?"

"मगे बोललास कित्याक नाय?"

"काय बोलू? ती माझी लाज झाकीत होती. झाकूक दिलंय मी." त्यांनी उजवा खांदा डाव्या हाताने धरला. "मळो मेलो तेच्यावरसून पाणी काढी नि परत बावीतच ओती. लाट थांबली तर ती घाबरान धावात, पडात, असा वाटा. ती घराक पोचासर लाट चालू ठेवी."

मी नळ सोडला. कळशीत पाणी पडत होतं आणि माझ्या डोळ्यांतून धारा. राग, राग आला मला त्या माणसाचा, आणि पाय धरावेसे वाटले. "आता तरी नळ घेवा, भावजीनु. रोज असे कितीदा येतलात?"

"नळ घेतलंय तर तिका दिसतलो. मगे तिका कळतला, माका सगळा म्हायत होता." कळशी त्यांनी डाव्या खांद्यावर घेतली. "तिका सांगलंय, बाव सुदारली म्हणान. तू काय बोलू नको."

म्हणजे आता उलटा खेळ. पहाटे भावजी लाट चार वेळा कुरकुरवायचे, तिला ऐकू जावी म्हणून. मग गडग्यावरून यायचे आणि पाणी घेऊन जायचे. मी दुपारी वयनीजवळ बसायला गेले की तो माणूस तिला तांब्याने पाणी पाजत असायचा. "पी. बावचा आसा. हळूहळू गोड होता." ती प्यायची आणि म्हणायची, "व्हय, गोड झाला."

एकदा ते बाहेर गेलेले बघून वयनीने माझा हात धरला. हात कसला, नुसती हाडं. "विनी, तुमच्या नळाचो वास माका कळणा नाय असा वाटता काय गो तेंका?"

मी दुसऱ्या हाताने तिला पदराने वारा घातला.

"सांगू नको हां. बाव सुदारली असा मी म्हणतंय म्हणान चार घास जेवतत ते." मग उशाखालून तिने ते शिंपलं काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. "ह्या दर्यात टाक. तेंका गावाक नको."

दोघांच्या मधे मी! एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, दुसऱ्याचं पहिल्याला नाही. घरी येऊन मी ह्यांच्यावर विनाकारण ओरडले. ह्यांनी टीव्ही बंद केला.

आडव्या पडलेल्या माणसाला छातीत कफ धरतो म्हणतात. मृगाला अजून अवकाश होता, उकाडा अंग भाजत होता, तेव्हा वयनीला ताप भरला. डॉक्टर आला, सुई दिली. सर्वेश आणि सारिका धावत आले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पारी भावजींनी तिच्या तोंडाला तांब्या लावला तर पाणी ओठांवरून बाहेर आलं. त्यांनी ते तिच्याच पदराने पुसलं आणि पुन्हा लावला. सर्वेशने हात धरून तांब्या काढून घेतला.

खळ्यात तिला शेवटची आंघोळ घालायची म्हणून मी घरून हंडा भरून आणला, दोन बायकांनी बादल्या आणल्या. भावजी ओटीवर बसले होते ते उठले.

"नको. ता नको."

"बाबा, ह्याच पाणी…" सर्वेश म्हणाला.

"नको म्हणतंय ना!" ते लाटीकडे गेले. सर्वेश मागे धावला, "मी ओढतंय, बाबा." त्यांनी हात झटकला. वासा खाली ओढला, खांदा वाकला, तोंडातून आवाज आला, तरी सोडला नाही. एक कोळंबा, दुसरा, तिसरा. बादली भरून खळ्यात आणली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "भावजीनु, खारा आसा ओ ता."

"म्हायत आसा. आता तिका पियाचा नाय." बादली खाली ठेवून ते माझ्याकडे बघायला लागले. "तुज्या पाण्यान जगवलंय तिका. धाडूची तरी आपल्या पाण्यान." आणि मग तो माणूस रडला, सगळ्या वाडीच्या समोर, मोठ्याने. बायकांनी त्याच पाण्याने तिला आंघोळ घातली. माझा हंडा तुळशीखाली तसाच भरलेला राहिला.

दिवसकार्य झालं. सर्वेशने कुडाळला चला म्हणून पाय धरले. भावजी म्हणाले, "मृग होवंदे, मगे बघू." पोरं किती दिवस थांबणार? गेली.

त्यानंतरच्या सकाळी मला जाग आली ती उन्हं अंगावर आल्यावर. लाट कुरकुरली नव्हती. तशीच उठून मागच्या दाराकडे धावले. तिथे कुणी नव्हतं. पण हाक आली पुढच्या दारातून.

"विनीता, आसस काय गे?"

भावजी पुढच्या अंगणात उभे होते, रस्त्याच्या बाजूने आलेले. शेजारची माणसं दारात दात घासत होती, ती बघत होती. त्यांच्या हातात तांब्या होता.

"भावजीनु, कळशी खंय?"

"एकट्याक कित्याक कळशी?" ते म्हणाले.

मी तांब्या भरून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, आणि आले तसे रस्त्याने, सगळ्यांच्या देखत, घरी गेले.